क्रियाद, या घरात

त्याचं बोट कुठेच थांबलं नाही. रविवारची दुसरी प्रार्थना संपली होती. चर्चच्या दारावर चार खिळ्यांनी मतदारांची यादी ठोकलेली होती आणि तिच्यापुढे पंधरा-वीस पुरुष टोप्या काखेत मारून आपापली नावं शोधत होते. ज्यांना वाचता येत नव्हतं ते शेजाऱ्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून माझं बघ, माझं बघ करत होते. जेर्वाझियोला वाचता येत होतं. मीच शिकवलं होतं. त्याचं बोट, मेणात काम करून करून रेषा बुजलेलं, आमच्या गल्लीपाशी आलं, माझ्या भावाच्या म्हणजे पाद्री अनाक्लेतो रेबोशुच्या नावावरून खाली उतरलं आणि थेट शेजारच्या कंदीलवाल्याच्या नावावर गेलं. परत वर आलं. परत खाली गेलं. दोन नावांच्या मधे जागा अशी नव्हतीच, तरी त्याने तिथे नखाने कागद जरासा खरवडला, वरचा पापुद्रा निघाला तर खाली काही सापडेल अशा बेताने. मी बाकल्याच्या शेंगांची टोपली कमरेवर धरून पायरीवर उभी होते. तो वळला, मला पाहिलं, आणि मागच्यांना जागा करून देत माझ्यापाशी आला. माझ्या हातातली टोपली घेतली. "कादिन्या," तो माझं घरातलं नाव घेऊन म्हणाला, "आपल्या घरात यंदा एकच पुरुष आहे म्हणायचा."

तो हसला म्हणून मीही हसले. आमची गल्ली म्हणजे गल्ली नव्हेच, उतरत उतरत नदीकडे गेलेला जिना. चढताना बोलायचं नाही असा आमच्याकडे रिवाज आहे, दम जपायचा म्हणून, आणि त्या दिवशी त्या रिवाजाचं मला फार बरं वाटलं. तो पुढे, मी मागे. त्याच्या कोटाला पाठीवर शिवण उसवली होती आणि मी मनात म्हणत होते की ही उद्या घालायला हवी, दुहेरी दोऱ्याने घालायला हवी. माणसाचं मन किती लबाड असतं पाहा. सत्तेचाळिसाव्या पायरीवर, म्हणजे जिथे पाणी भरणारे गालिशियन मजूर आपली पिंपं टेकवून धापा टाकतात तिथे, मला एकदम आठवलं की मी काय लिहिलं होतं. शिवण, दोरा, शेंगा, सगळं कुठल्या कुठे गेलं, आणि फक्त एक अरुंद रकाना डोळ्यांपुढे राहिला.

दर लेंटच्या उपासात पाद्रीला आपल्या हद्दीतल्या माणसांची वही करावी लागते. कोण पापनिवेदनाला आलं, कोण नाही आलं, घरवार, माणसंवार. अनाक्लेतोच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला तेव्हापासून ती वही मी लिहिते. तो घरोघर जातो, लोक त्याला दारूचा पेला देतात, त्याच्यापुढे कुरकुर करतात, आणि मी त्याच्या मागून दौत सांभाळत जाते. नवा कायदा आला, म्हणजे जुनी सनद परत आली, तेव्हा मतदारांची यादीही याच वहीवरून करायची ठरलं. सरकारला आयती वही मिळाली आणि देवाची हरकत असल्याचं काही कानावर आलं नाही. तर त्या वहीत आमच्या घराचं पान माझ्या आईच्या काळापासून एकाच तऱ्हेने लिहिलेलं असायचं. कुटुंबप्रमुख, बायको, मुलगा, मुलगी, आणि शेवटी: जेर्वाझियो, टाकून दिलेला, क्रियाद या घरात. आमच्या भाषेत वाढवलेल्याला क्रियाद म्हणतात आणि चाकरालाही क्रियादच म्हणतात. पुढे 'या घरात' आलं की तो वाढवलेला. काहीच आलं नाही की तो चाकर. इतक्या वर्षांत हा घोटाळा कुणाचा झाला नाही, कारण दोन शब्दांना जागा किती लागते? यंदा वहीचा कागद महाग झाला म्हणून अनाक्लेतोने लहान वही आणली. रकाने मीच आखले. शेवटचा रकाना अरुंद पडला. मी लिहिलं: जेर्वाझियो, क्रियाद. टिपकागद दाबला आणि पान उलटलं. कायद्यात चाकराला मत नाही. चाकर म्हणजे मालकाचं तोंड, असं कायदा करणाऱ्यांना वाटतं. एका घराला दोन तोंडं कशाला. यादी करणाऱ्या समितीच्या कारकुनाने माझा शब्द वाचला आणि रेघ मारली. त्याची काहीच चूक नव्हती.

रविवारी जेर्वाझियो आमच्याबरोबर वर जेवायचा. इतर दिवशी तो खाली आमच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यातच ताट मागवायचा, कारण कढईत मेण असताना माणूस वर कसा येणार, असं तो म्हणायचा, असं बाबा म्हणायचे, असं आम्ही सगळेच म्हणत आलो. कढई विझवून वर येता येत नाही असं काही नव्हतं. बाबा यायचे. त्या रविवारी खारवलेला मासा होता आणि चणे होते, आणि मी ताट वाढता वाढता अनाक्लेतोला सांगितलं की माझ्या हातून काय झालं आहे. त्याने आधी क्रॉसची खूण केली, मग मासा पुढे ओढला. मग म्हणाला की तक्रारी ऐकायला समिती येत्या रविवारी चर्चच्या वस्त्रागारात बसणार आहे, तिथे आईच्या काळातली वही दाखवली की झालं, एवढ्याशा शब्दाचं काय. तो असाच आहे, माझा भाऊ. त्याला कुणाचं वाईट करता येत नाही आणि चांगलं करायचं म्हटलं की त्याला आधी बसावं लागतं. जेर्वाझियो चणे एकेक करून खात होता. मी त्याची माफी मागितली. मोठ्याने मागितली, भावासमोर मागितली. तो म्हणाला, अगं, तू घाईत होतीस. मी घाईत नव्हते. उपासाचे दिवस, संध्याकाळ, खिडकीतून नदी दिसत होती, मी एकेक अक्षर वळवून लिहीत होते. हे मी त्याला सांगितलं नाही.

आईचं तान्हं गेलं तेव्हा मी चार वर्षांची होते. तिला दूध दाटून आलं होतं आणि ती भिंतीला कपाळ लावून उभी राहायची. शेजारणी म्हणाल्या, अनाथालयातून एखादं पोर आण, दूध वाया कशाला घालवतेस. अनाथालयाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट आहे. बाहेरून मूल ठेवायचं, घंटा वाजवायची, आतून कपाट फिरवून मूल घेतात, चेहरा कुणाचा कुणाला दिसत नाही. तिथून तो आला. गळ्यात दोरीत ओवलेला शिशाचा टिकलीएवढा शिक्का, त्यावर आकडा. बाबांनी वाती कापायच्या कात्रीने ती दोरी कापली, हे मला पक्कं आठवतं, कारण मी रडले होते. मला वाटलं त्याचा गळाच कापतायत. सात वर्षांनी मूल परत नेऊन द्यायचं किंवा कायमचं ठेवायचं. आईने ठेवलं. माझ्याबरोबर तो एकाच पांघरुणात निजला, एकाच वेळी आम्हाला गोवर निघाला. अनाक्लेतोला पाद्री करायचं ठरलं तेव्हा कारखान्यात एक हात कमी पडायला लागला. तो हात घरातच होता. कुणी काही ठरवलं नाही. बारा वर्षांच्या जेर्वाझियोने एक दिवस पळी उचलली आणि कडीला टांगलेल्या वातींवर मेण ओतायला लागला, गोल गोल, एकसारखं, आणि बाबा दारात उभे राहून बघत राहिले. आमच्या हद्दीतल्या चारही वेद्यांवर गेली एकोणतीस वर्षं त्याच्या हातच्या मेणबत्त्या जळतात. उन्हाळ्यात तो मेणाच्या पातळ पट्ट्या गच्चीवर कापडावर पसरतो, पाणी शिंपडतो, दिवसातून दोनदा उलटतो, पिवळं मेण पांढरं होईपर्यंत. त्याची पापणी पांढरी झाली तीही तशीच, उन्हाने, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता.

सात वर्षांपूर्वी त्याचं नाव यादीत पहिल्यांदा लागलं तेव्हा वही म्हातारा घंटावाला लिहायचा, आणि तो दोन्ही शब्द लिहायचा. यादीत आडनाव हवं होतं. टाकून दिलेल्याला आडनाव कुठलं? एका संध्याकाळी जेर्वाझियो माझ्यापाशी येऊन बसला, हात धुऊन, केस ओले करून, आणि म्हणाला, आडनाव काय लिहू गं. मी भरतकाम करत होते. मी म्हटलं, द सेरा लिही. म्हणजे मेणाचा. मला माझीच गंमत आवडली होती. तो काही वेळ तसाच बसला. तेव्हा मला वाटलं तो विचार करतोय. आता, त्या आठवड्यात, मी रात्रंदिवस ती संध्याकाळ उलटीसुलटी करून पाहत होते आणि मला दिसत होतं की तो विचार करत नव्हता, वाट पाहत होता. रेबोशु हे काही फार मोठं आडनाव नाही. एका मेणबत्तीवाल्याचं आडनाव. त्याने काय बिघडलं असतं? पण त्याला ते मागायचं नव्हतं, मी द्यायला हवं होतं. मग तो उठला आणि म्हणाला, द सेरा, छान आहे, उन्हात जपून राहायला हवं मग मला. आणि आम्ही दोघं किती हसलो.

त्या निवडणुकीच्या दिवशी चर्चमध्ये बायकांना खाली मज्जाव होता म्हणून मी वर गायकांच्या माडीवर जाऊन कठड्याच्या फटीतून पाहिलं. पवित्र आत्म्याची प्रार्थना झाली, उपदेश झाला, मग टेबल मांडलं. अध्यक्षाने मतं मोजणाऱ्यांची नावं सुचवली आणि म्हणाला, ज्यांना मान्य असेल त्यांनी टेबलाच्या उजव्या बाजूला यावं, नसेल त्यांनी डावीकडे. सगळा घोळका उजवीकडे सरकला. मेंढरं सरकतात तसा, एकमेकांना अंग घासत. जेर्वाझियो उभा राहिला आणि डावीकडे गेला. त्याच्यामागून नालबंद गेला, आणि आणखी दोघं. चार माणसं. त्याला राजकारण किती कळत होतं मला माहीत नाही. सनदवाले आणि सप्टेंबरवाले या दोन पक्षांत काय भांडण आहे हे तो जेवताना विचारायचा आणि अनाक्लेतो विषय बदलायचा. पण डाव्या बाजूला तो असा उभा होता, पाय जरा फाकवून, हात मोकळे सोडून, की मी वरून पाहत राहिले. हा माणूस असा उभा राहू शकतो हे मला पस्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी त्याला विचारलं, डावीकडे का गेलास रे. तो म्हणाला की त्या मोजणाऱ्यांतला एक जण मेणाच्या वजनात काटा मारतो, तो मतांत का मारणार नाही. आमच्या वस्तीचा अंमलदार तिबुर्सियो तेव्हा नवा होता. त्याने ती चार तोंडं लक्षात ठेवली होती. नालबंद वारला. उरलेले दोघं वस्ती सोडून गेले. राहिला एक.

तेव्हा माझ्या शब्दाने कुणाचं काम सोपं केलं हे मला कळत होतं. पण त्या आठवड्यात मला झोपू देत नव्हतं ते वेगळंच होतं. मी स्वतःला विचारत होते, रकाना अरुंद होता तर 'टाकून दिलेला' हा शब्द गाळला असता, 'या घरात' का गाळलंस? आणि वहीत तसं पाहिलं तर कंदीलवाल्याच्या सासूचं सबंध लांबलचक नाव मी रकान्याबाहेर समासात नेऊन पुरं केलं होतं. ती बाई मला आवडतही नाही. हाताला जे रोज वाटतं तेच हात लिहितो का? मी त्याला कधी चाकर मानलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. त्याच्या आजारपणात मी उशाशी बसले आहे. पण रोज सकाळी पाणी वर आणायला मी कुणाला हाक मारत होते? अनाक्लेतोला नाही.

आणि बाबांची ती दुपार होती. सहा वर्षांपूर्वीची. फुप्फुसात पाणी झालं होतं. अनाक्लेतो कुणाच्या तरी दफनाला गेला होता, जेर्वाझियो खाली कढईपाशी, आणि खोलीत मी एकटी. बाबांनी डोळे उघडले आणि अगदी कामाच्या आवाजात, गिऱ्हाइकाशी बोलावं तशा, म्हणाले, "कारखाना अर्धा जेर्वाझियोचा. लिहून घे." मी हो म्हटलं. दौत शेजारच्या खोलीत होती. मी गेले, दौत उचलली, कागद शोधला, आणि मग खिडकीपाशी थांबले. किती वेळ थांबले असेन? एक प्रार्थना म्हणण्याइतका. खिडकीतून काहीच दिसत नव्हतं, समोरची भिंत. मी विचार करत होते असंही मला म्हणवत नाही. फक्त एवढं डोक्यात होतं की अनाक्लेतोला सरकारकडून मिळतं ते दोन महिने मिळतं आणि चार महिने अडतं, माझं लग्न झालेलं नाही, होणार नाही, आणि म्हातारपणी मी काय खाणार. परत आले तेव्हा बाबा झोपले होते. ते पुन्हा उठले नाहीत. दौत मी जागेवर ठेवली. सगळ्या वस्तीची नावं मी लिहिते, लग्नं लिहिते, कुणी मेलं की कळवायची पत्रं लिहिते. तेवढंच लिहायचं राहिलं. म्हटलं तर कुणाचं काही हिरावून घेतलं नाही. तो होता तिथेच राहिला. मीही होते तिथेच राहिले.

रविवारी वस्त्रागारात चांगलंच उकडत होतं. पाद्र्यांच्या झग्यांना कापराचा वास असतो, तो तापल्यावर डोकं धरतो. टेबलामागे तिबुर्सियो, दोन्ही बाजूंना एकेक व्यापारी, आणि कडेला, माणसं ओळखून द्यायला म्हणून, माझा भाऊ. मला आत यायचं काही कारण नव्हतं, पण आईच्या काळातली वही मी आणली होती आणि अनाक्लेतोला ती वाचता येणार नव्हती म्हणून मला राहू दिलं. जेर्वाझियो उभा होता. उसवलेली शिवण मी घातली होती, दुहेरी दोऱ्याने. मी जुनं पान काढलं आणि वाचलं: जेर्वाझियो, टाकून दिलेला, क्रियाद या घरात. मग यंदाचं पान काढलं आणि म्हटलं की इथे जे आहे ती माझी चूक आहे. तिबुर्सियो गोड बोलणारा माणूस आहे. तो म्हणाला, "दोना लियोकादिया, तुमच्या अक्षराची तारीफ ऐकून होतो. सरकारचं इतकं काम वाचवणारं अक्षर पहिल्यांदाच पाहिलं." व्यापारी हसले. अनाक्लेतोही हसला, सवयीने.

मग त्याने वही मिटली आणि विचारायला सुरुवात केली. रागाने नाही, अगदी शांतपणे. ठीक आहे, म्हणाला, चाकर नाही म्हणता. मग कोण? अनाक्लेतो म्हणाला, घरचाच आहे तो. घरचा म्हणजे? मुलगा? नाही. दत्तक घेतल्याचा कागद? नाही. कारखान्याचा कारभारी? हो, अनाक्लेतो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला, कारण कारभाऱ्याला कायद्यात मत आहे हे त्याला आठवलं. तिबुर्सियो म्हणाला, छान, मग पगार काय देता ते सांगा. वर्षाचं शंभर मिलरेइश उत्पन्न दिसलं पाहिजे, त्याशिवाय कारभारी काय आणि राजपुत्र काय. अनाक्लेतोने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेला पाहिलं. त्याला मी एक काळी सावली दिसत असणार. पगार कधी दिलाच नव्हता. घरच्या माणसाला कुणी पगार देतं का? कपडे होते, जेवण होतं, सणाला तंबाखू होती. तिबुर्सियोने बोटं मोजून दाखवली: थोडाथोडका पगार देत असाल तर तो चाकर. देत नसाल तर त्याला उत्पन्न नाही. तुम्हीच ठरवा, सेन्योर पाद्री, आम्ही तुम्ही म्हणाल तसं लिहू.

एकच वाक्य होतं. कारखाना अर्धा त्याचा आहे. मालकाला कुणी पगार विचारत नाही, मालकाचं उत्पन्न मेणबत्त्यांतच दिसतं. ते वाक्य त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि ते माझ्या तोंडात, अगदी दातांच्या मागे, आलेलं होतं. मी पाहत होते की हे बोलले तर पुढचा प्रश्न काय येईल. हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, दोना? सहा वर्षांपासून. मग सहा वर्षं? खोलीत पाच पुरुष होते आणि उद्या सगळी वस्ती असणार होती, त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक बाई, शेंगा सोलत. मी तोंड उघडलं. मी उघडलं होतं, हे मी आजही स्वतःला सांगते. जेर्वाझियो माझ्याकडे बघत होता. लहानपणी पाढे चुकले की मी ज्या नजरेने त्याच्याकडे बघत असे, की थांब, घाबरू नकोस, मी सांगते, त्या नजरेने. मग त्याने मान वळवली आणि म्हणाला, "चाकर लिहा, साहेब. बरोबरच लिहिलंय."

अनाक्लेतोने सुस्कारा टाकला. तो मोकळं झाल्याचा होता, आणि त्याला नंतर त्याची लाज वाटली असणार कारण त्याने लगेच नाक शिंकरलं. तिबुर्सियोलाही हे इतकं सोपं अपेक्षित नव्हतं. त्याने दोनदा विचारलं, तुम्ही स्वतः म्हणताय ना? जेर्वाझियो म्हणाला, स्वतः म्हणतोय. आणि तिबुर्सियोने दाखवलेल्या जागी त्याने सही केली, जेर्वाझियो द सेरा, मी शिकवलेल्या वळणाने, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून. आमच्या घराची अब्रू वाचवायला त्याने ते केलं असं मी बरेच दिवस धरून चालले होते. एकोणतीस वर्षं फुकट राबवून घेतलं असं लोक म्हणाले असते, ते त्याने म्हणू दिलं नाही. आजही तसं असेल. पण त्याने त्या क्षणी जे वाक्य निवडलं त्यात आमच्याबद्दल किती होतं आणि त्याच्या स्वतःबद्दल किती, हे मी सांगू शकत नाही. घरी येताना तो पुढे चालला नाही. आम्हा दोघांच्या दोन पायऱ्या मागून आला.

त्यानंतर तीन आठवडे काही घडलं नाही. म्हणजे सगळं घडत होतं. रविवारी तो वर जेवायला आला नाही. ऊन चांगलं आहे, पट्ट्या उलटायच्या आहेत, असा निरोप. पाणी मी हाक मारायच्या आत दाराशी येऊन पडायचं. एकदा गच्चीवर मी कपडे वाळत घालायला गेले तर तो उकिडवा बसून मेणावर पाणी शिंपडत होता, आणि मला पाहून उठून उभा राहिला. एवढंच. चाळीस वर्षांत तो माझ्यासाठी कधी उठला नव्हता. मी म्हटलं, बस रे. तो बसला, पण मी सांगितलं म्हणून बसला. मी कपडे वाळत घालत राहिले, त्याचाच सदरा होता त्यात, आणि चिमटे तोंडात धरले म्हणजे बोलायला नको. मेण त्या वर्षी फार पांढरं झालं. इतकं पांढरं की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका मंगळवारी सकाळी तो वर आला. मागच्या जिन्याने नाही, पुढच्या दाराने, दार वाजवून. मलाच उघडावं लागलं. टोपी हातात होती. अनाक्लेतो दुधात पाव बुडवत होता. जेर्वाझियो टेबलापासून चार पावलांवर उभा राहिला आणि म्हणाला की वर्षाचं मेण धुऊन झालं आहे, वड्या पाडून ठेवल्या आहेत, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्कांताराला, एका मेणबत्तीवाल्याकडे जागा आहे. अनाक्लेतोला वाटलं तो मेण विकायबद्दल बोलतोय. मग कळलं तेव्हा तो म्हणाला, अरे, घर सोडून कुणी असं जातं का. जेर्वाझियो म्हणाला, "घरचा माणूस जात नाही, सेन्योर पाद्री. चाकराला पंधरा दिवस आधी सांगून जाता येतं. मी सरकारी कागदावर चाकर आहे, माझी सही आहे." त्यात टोमणा नव्हता. वाटेत पडलेली उपयोगाची वस्तू उचलावी तसा तो ते बोलला. इतकी वर्षं त्याला बाहेर पडायचं दारच नव्हतं, आणि ते नेमकं आम्हीच त्याला काढून दिलं होतं. अनाक्लेतोच्या हातून पाव दुधात सुटला. तो म्हणाला, "जेर्वाझियो, अरे, तू तर आमचा..." जेर्वाझियो थांबला. पुढचा शब्द येईल म्हणून तो खरोखर थांबला, मान जरा पुढे काढून, नीट ऐकू यावं म्हणून. अनाक्लेतोने दुधाकडे पाहिलं. पावाचा तुकडा फुगून बुडाला. माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्याला शब्द सापडला नाही. भाऊ म्हणायला त्याला कागद आठवला असेल, आणि दुसरं काही म्हणायला लाज. मग जेर्वाझियोने विचारलं की नव्या मालकाला दाखवायला चांगल्या वागणुकीचं पत्र मिळेल का. चाकराला देतात तसं.

ते पत्र मी लिहिलं. दुसरं कोण लिहिणार? पंधराव्या दिवशी, सकाळी, खिडकीपाशी, चांगल्या कागदावर. की सदर इसम आमच्याकडे बालपणापासून होता, प्रामाणिक आहे, पीत नाही, मेणाचं काम त्याच्याइतकं या शहरात कुणी जाणत नाही. कागद मोठा होता, भरपूर जागा होती. चाकर हा शब्द आला तेव्हा मी लेखणी वर धरली, शाईचा थेंब जमायला लागला, आणि मी तो शब्द लिहिला, कारण त्याशिवाय पत्राचा त्याला काही उपयोग नव्हता. अनाक्लेतोचा हात धरून मी सही करवली. सही करून तो आतल्या खोलीत गेला आणि आतून त्याच्या प्रार्थनेचा आवाज यायला लागला, जरा जास्तच मोठा.

जेर्वाझियो जिन्यात उभा होता. एक गाठोडं आणि पळ्यांची चामड्याची पिशवी. त्याने पत्र उभ्या उभ्या वाचलं, सावकाश, ओठ हलवत, आणि घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाला, उपकार झाले, दोना. कादिन्या नाही, दोना. तो दोन पायऱ्या उतरला आणि मला कळलं की आता बोललं तरी कुणाचं काही जात नाही, कारखाना काय नि यादी काय. तिबुर्सियो ऐकत नाही, शेंगा सोलणाऱ्या बायका ऐकत नाहीत. म्हणूनच माझी जीभ सैल झाली असेल, हेही मला कळलं. तरी मी बोलले. मी म्हटलं, "जेर्वाझियो, बाबा जाताना मला म्हणाले होते, अर्धा कारखाना तुझा. मला लिहून घे म्हणाले. मी दौत आणायला गेले आणि लिहिलं नाही."

तो थांबला. वळला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या खाली, दोन पायऱ्या खाली होता, आणि मी त्यात शोधत होते. राग सापडला असता तरी मला चाललं असतं. त्याने म्हणावं, हे आज सांगतेस? म्हणावं, मला ठाऊक होतं. काहीही म्हणावं, पण मला 'तू' म्हणावं. त्याने टोपी काढली. मी सांगितलेलं नीट ऐकून घेतलं, पुरतं, शेवटपर्यंत, जसं सांगितलेलं काम ऐकून घेतात.

"हो, दोना," तो म्हणाला. आणि टोपी तशीच हातात धरून, "आणखी काही?"

मी नाही म्हटलं.